पाय अडतो, सायकल धावते

"वडिलांना पार्किन्सन्स आहे. गोळ्या वेळेवर चालू आहेत, मग व्यायामानं आणखी काय फरक पडणार?" रुग्णांच्या घरून हा प्रश्न हमखास येतो.

नेदरलँड्समधल्या नाइमेखनचे मेंदूविकारतज्ज्ञ बास ब्लूम यांनी २०१० साली ५८ वर्षांच्या एका रुग्णाची चित्रफीत प्रसिद्ध केली. आजार दहा वर्षांचा. चालायला लागला की पाय जमिनीला खिळायचे, दोन-चार पावलांत तोल जायचा. त्याच माणसाला सायकलवर बसवलं, तर गडी झपाझप निघाला, तोल सांभाळत वळूनही आला. उतरल्याबरोबर पाय पुन्हा खिळले!

पार्किन्सन्समध्ये डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात आणि एरवी आपसूक होणारी हालचाल सुरूच होत नाही. मात्र जमिनीवरच्या आडव्या पट्ट्या किंवा टाळ्यांचा ठेका असा बाहेरून इशारा मिळाला, की पाऊल अनेकदा सुटतं. फिरतं पेडल तोच इशारा देत असावं.

ब्लूम यांच्या गटानं मग १३० रुग्णांवर चाचणी घेतली. निम्म्यांनी आठवड्यातून तीनदा, अर्धा-पाऊण तास, घरीच व्यायामाची सायकल चालवली; बाकीच्यांनी ताणाचे व्यायाम केले. सहा महिन्यांनी सायकलवाल्यांची हालचालींची लक्षणं जवळपास होती तिथंच राहिली, दुसऱ्या गटाची वाढली. निष्कर्ष २०१९ साली आले. यातून आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही, आणि गोळ्या तर मुळीच सोडायच्या नाहीत. पण एवढा फायदाही थोडा नाही.

खरी अडचण पुढेच आहे. डोपामाइन कमी झालं की उत्साहही आटतो, तो आळस नव्हे. चेहऱ्यावरचे भाव गोठतात, आवाज बारीक होतो. लोकांना वाटतं, हे रागावलेत. मग माणूस लग्नकार्याला जायचंही टाळतो. म्हणून मला सोबत ही व्यायामाइतकीच गरजेची वाटते. ठरलेल्या वेळी दारात येणारा मित्र हाही बाहेरून मिळालेला इशाराच आहे. पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हेच काम करतं. तिथं बारीक आवाजाचं किंवा थरथरत्या हाताचं कुणालाच नवल नसतं.

तेव्हा हृदयाची तपासणी करून, पडण्याचा धोका डॉक्टरांना विचारून व्यायाम जरूर सुरू करा. आणि घरच्यांनो, त्यांना एकट्याला पाठवू नका, सोबत जा.