आजोबांचा पहिला चेंडू

लिंबू-चमच्याच्या शर्यतीपलीकडे ज्याने कधी क्रीडाकौशल्य दाखवले नाही, त्याने बासष्टाव्या वर्षी बोलिंगचा चेंडू विकत घ्यावा, असा योग माझ्या पत्रिकेत होता खरा!

झाले असे, की थंडीच्या दिवसांत मी चिरंजीवांकडे अमेरिकेत, विस्कॉन्सिनला गेलो. बाहेर बर्फ, मुलगा-सून कामावर. बोलायला काय ती चौदा वर्षांची नात. दर शनिवारी सूनबाई आम्हा दोघांना बोलिंगच्या हॉलवर सोडीत.

नातीचा चेंडू उजव्या कडेने जाई आणि शेवटी डावीकडे वळून पहिल्या व तिसऱ्या पिनेच्या फटीत शिरे. यालाच ‘हुक’ म्हणतात. माझा चेंडू नाकासमोर चाले. सरळ चेंडू पिनांना आपटून बाजूला ढकलला जातो; तिरका आलेला आत घुसतो आणि पिनाच पिनांना पाडतात.

“आजोबा, इथले चेंडू प्लॅस्टिकचे. ते वळायचे नाहीत. तुम्ही स्वतःचा घ्या,” नात म्हणाली.

मी घेतला! कुणाचा तरी वापरलेला, १६ पौंडांचा. यापेक्षा जड चेंडू नियमातच बसत नाही, म्हणजे हाच उत्तम, असा माझा हिशेब. भोके दुसऱ्याच्या हाताची. चेंडू निसटू नये म्हणून मी तो आवळून धरला आणि अंगठा सुजला. तीन शनिवार घरी बसलो. चौथ्या शनिवारी नात मैत्रिणींबरोबर गेली. मला विचारलेसुद्धा नाही. अंगठ्यापेक्षा ते जास्त दुखले.

मग चेंडूंच्या दुकानात गेलो. शिंप्याने सदऱ्याचे माप घ्यावे तसे दुकानदाराने माझ्या पंजाचे माप घेतले. म्हणाला, “आधी हात, मग चेंडू.” १२ पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेपाच किलोंचा चेंडू त्याने पुढे केला. मधले बोट आणि अनामिका पहिल्या पेरापर्यंतच आत, अंगठा मात्र पूर्ण आणि सैलसर. अंगठा आधी सुटतो, मग दोन बोटे चेंडूला बाजूने फिरकी देतात. वळण जन्मते ते इथे.

उरलेले काम चेंडूच्या सालीचे. रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट अंतर. त्यातल्या बऱ्याच भागावर तेल, शेवटचा भाग कोरडा. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्यावर पकड घेऊन वळतो. प्लॅस्टिकला ती पकड नाही. युरेथेनला आहे, पण वळण सौम्य. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आलेल्या रिअॅक्टिव्ह रेझिनची पकड सर्वांत जास्त.

“मग सगळ्यात जास्त वळणारा द्या,” मी म्हटले. तो हसला. असा चेंडू हाताची चूकही मोठी करून दाखवतो, म्हणाला. शिकणाऱ्याला रेझिनचाच, पण मवाळ वळणाचा चेंडू बरा. आपण काय केले ते तो प्रामाणिकपणे सांगतो.

पुढच्या शनिवारी मीच नातीला विचारले, “येतेस का?” पहिले पाच चेंडू नालीत गेले. सहावा गेला सरळ, सरळ, आणि अखेरीस वीतभर डावीकडे झुकला. पिना पडल्या चारच.

“आजोबा, वळला!” नात ओरडली.

वाचकहो, सोळा पौंडांच्या फुशारकीने जे गेले होते, ते बारा पौंडांनी परत आणले.