यजमान झोपले की प्रिंटरही झोपतो!

डिलाईल रोड म्हटलं की जुन्या माणसांना अजून गिरणीचा भोंगा आठवतो. कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांच्या नावाने हा रस्ता ना. म. जोशी मार्ग झाला, पण लोकांच्या तोंडी नाव जुनंच राहिलं. १९२०च्या दशकात बांधलेल्या इथल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि संडास सगळ्या मजल्याला मिळून. त्यामुळे सामाईक वस्तू कशी वापरायची, हे इथल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा घरोघरी खानावळी होत्या. १९८२च्या संपानंतर तर बायकांच्या घरगुती कामांवरच कितीतरी चुली पेटत्या राहिल्या.

त्या कामांत आता संगणकही आलाय. माझी धाकटी जाऊ याच रस्त्यावर राहते, घरी शिकवण्या घेते. प्रश्नपत्रिका ती स्वतःच्या लॅपटॉपवर तयार करते. प्रिंटर मात्र वायरने जोडलाय मुलाच्या संगणकाला. मुलं सराव परीक्षेला येऊन बसतात आणि लॅपटॉप सांगतो, 'प्रिंटर ऑफलाइन'! मग मुलगा कॉलेजातून येईपर्यंत थांबा, नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे धावा. एकदा वैतागून म्हणाली, "ताई, प्रिंटर माझ्या पैशांचा, पण चालतो त्याच्या सवडीने!"

मी संगणकाचे वर्ग घेते, त्यामुळे हे गाऱ्हाणं मला नवीन नाही. गावोगावी शिवणकाम, ऑनलाइन अर्ज, लग्नपत्रिका असं काही ना काही घरून करणाऱ्या मैत्रिणी हेच सांगतात. म्हणून आज जरा नीट समजून घेऊ या.

ज्या संगणकाला प्रिंटर जोडलेला आहे, त्याला आपण 'यजमान' म्हणू. बाकीचे सगळे त्याच्याकडे आलेले पाहुणे. यजमान बंद असेल किंवा नुसता झोपला असेल, तरी पाहुण्यांना छापील कागद मिळत नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. म्हणून आधी यजमानावरूनच एक पान छापून बघा. ते निघालं, तर प्रिंटर ठणठणीत आहे. मग पॉवरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कामाच्या वेळेपुरती त्याची झोप बंद करा.

त्यानंतर दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर आहेत ना, ते पाहा. एक घरच्या वाय-फायवर आणि दुसरा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर ते एकमेकांना दिसणारच नाहीत. राउटरवरचं 'गेस्ट' नेटवर्कही बहुधा असंच दोघांना वेगळं ठेवतं.

तिसरी गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' समजतं. 'पब्लिक' म्हणजे एसटी स्टँडवरची गर्दी, तिथे संगणक दार लावून बसतो. घरच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन दोन्ही संगणकांवर 'प्रायव्हेट' निवडा. मग शेअरिंगच्या सेटिंग्जमध्ये 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. शेवटी यजमानावर त्या प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'शेअर धिस प्रिंटर'वर खूण आहे का, तेही बघा.

कधी एक अर्धवट काम रांगेत अडकतं आणि मागची सगळी खोळंबतात, नळावर एकीची घागर अडकावी तशी! रांगेतली कामं रद्द करा. तरी हलेना, तर यजमानाच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' रिस्टार्ट करा.

हे सगळं करूनही अडलं आणि शेवटी '११बी' असलेला चुकीचा क्रमांक दिसला, तर गोष्ट वेगळी. २०२१ साली विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत एक मोठी फट सापडली. बाहेरचा माणूस त्यातून संगणकाचा ताबा घेऊ शकला असता. मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी एकामागून एक दुरुस्त्या आणल्या, नियम कडक केले आणि कितीतरी घरांतले, ऑफिसांतले शेअर केलेले प्रिंटर अडून बसले. अशा वेळी कुणी 'रजिस्ट्रीत एक आकडा बदलतो, लगेच चालेल' म्हणालं, तर थांबवा. त्याने चोरासाठी कडी काढून ठेवल्यासारखं होतं. दोन्ही संगणक अद्ययावत करा आणि लॅपटॉपवर प्रिंटरचा ड्रायव्हर नव्याने घाला.

इथेच खरी मेख आहे. २०२१च्या ऑगस्टपासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायला विंडोज 'ॲडमिनिस्ट्रेटर'ची परवानगी मागतं. ती कुणाकडे असते? बहुतेक घरांत नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे. पैसे आपण मिळवायचे आणि किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला! जावेच्या घरी आम्ही पहिलं काम केलं ते हेच. तिच्या लॅपटॉपवर तिचं स्वतःचं ॲडमिनिस्ट्रेटर खातं उघडलं, पासवर्डही तिचाच. मुलाने कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, "बरं झालं, लेक्चरमध्ये आईचे फोन येणार नाहीत!"

प्रिंटर नवा घ्यायचा असेल, तर थेट वाय-फायवर चालणारा पाहा, म्हणजे यजमानाची मनधरणी नको. मात्र बरेचसे स्वस्त वाय-फाय प्रिंटर राउटरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींवरच चालतात, ५ वर नाही. घेण्यापूर्वी दुकानदाराला हे विचारा.

आणि मैत्रिणींनो, दुधाच्या हिशेबाच्या वहीत एक पान याचंही ठेवा. वाय-फायचं नाव, प्रिंटरचं मॉडेल, यजमान संगणकाचं नाव. पासवर्ड तेवढा डोक्यात! पुढच्या वेळी 'ऑफलाइन' दिसलं, तर कुणाला हाक मारण्याआधी ते पान उघडा.