विरघळलेला धातू पाण्यातून बाहेर कसा काढतात?

सायकलच्या हँडलवरची चकाकी तुम्ही पाहिलीच असेल. तो क्रोमियमचा पातळ थर असतो. विद्युत विलेपन झाल्यावर वस्तू पाण्यात धुतात आणि ते पाणी पिवळसर होते, कारण त्यात क्रोमियम विरघळलेले असते. ते बाहेर कसे काढायचे?

गाळून? मिठाचे पाणी फडक्यातून गाळून बघा, खारटच राहते! बरं, धातू म्हणजे मूलद्रव्य. तो जंतूंसारखा मरत नाही, अन्नासारखा कुजतही नाही. म्हणून त्याला न विरघळणाऱ्या रूपात आणावे लागते.

पायरी 1 : क्षपण
या पाण्यातले क्रोमियम संयुजा 6 असलेले, कर्करोगकारक असते. नुसता चुना घालून ते खाली बसत नाही. म्हणून आधी सल्फ्युरिक आम्ल घालून पाण्याचा सामू 2 ते 3 करतात आणि सोडियम बायसल्फाइट मिसळतात. पिवळा रंग जाऊन हिरवट रंग येतो. संयुजा आता 3 झाली.

पायरी 2 : अवक्षेपण
आता चुन्याची निवळी नव्हे, तर कालवलेला चुना घालून सामू 8 ते 9 पर्यंत नेतात. क्रोमियम हायड्रॉक्साइडचे हिरवट पुंजके तयार होतात.

पायरी 3 : गाळ वेगळा करणे
पुंजके टाकीत तळाशी बसू देतात. वरचे पाणी तपासून सोडतात, गाळ दाबून त्यातले पाणी काढतात.

जास्त चुना म्हणजे जास्त स्वच्छ पाणी का?
नाही! क्रोमियम आणि जस्ताची हायड्रॉक्साइडे उभयधर्मी आहेत. आम्लारी फार झाले तर ती पुन्हा विरघळू लागतात. निकेलला मात्र सामू 10 च्या आसपास लागतो. म्हणून वेगवेगळ्या धातूंचे पाणी शक्यतो वेगळे ठेवतात. सायनाइडचे पाणी तर आम्लाच्या टाकीत कधीच जाऊ देत नाहीत, कारण त्यातून हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू निघतो.

आपल्या देशात नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात संयुजा 6 चे क्रोमियम लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

आणि लक्षात ठेवा, धातू नाहीसा झालेला नाही, तो गाळात आहे. हा गाळ उघड्यावर टाकला आणि आम्लयुक्त पाणी लागले, तर धातू पुन्हा विरघळून विहिरीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून कायद्याने तो घातक कचरा ठरतो.

सांगा पाहू : पायरी 1 गाळून थेट चुना घातला, तर काय होईल?