जुन्या जीपमधील आवाज आणि शक्तिवहनातील दोष

वसईची खाडी, अरबी समुद्र आणि मिठागरे यांच्या सान्निध्यात वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये जुन्या फोरव्हील गाडीचे आयुष्य देशावरच्या कोरड्या हवेतील गाडीपेक्षा निराळे असते. येथील हवेत बारमाही खारा दमटपणा असतो, पावसाळ्यात सखल रस्त्यांवर पाणी तुंबते आणि त्या पाण्यातूनच गाड्या काढाव्या लागतात. साहजिकच गाडीच्या पोटाखालचे सांधे, सील आणि बेअरिंगे येथे लवकर थकतात. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोचवणाऱ्या या भागांचे दुखणे बहुधा डोळ्यांना दिसण्याआधी कानांना ऐकू येते, आणि ते नीट ऐकले नाही तर चांगला भाग उघडला जातो व बिघडलेला तसाच राहतो.

महिंद्रा कंपनीने १९४७ मध्ये भारतात विलीज जीपच्या जोडणीला सुरुवात केली आणि पुढे अनेक दशके त्याच घराण्यातल्या गाड्या बनवल्या. मारुतीची जिप्सी १९८५ मध्ये बाजारात आली. या दोन्ही गाड्यांची मूळ रचना एकाच तत्त्वावर उभी आहे. इंजिनामागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स आणि नंतर ट्रान्सफर केस, म्हणजे शक्ती मागच्या आसाबरोबर हवी तेव्हा पुढच्या आसालाही देणारी पेटी, अशी ही साखळी आहे. विलीज पद्धतीच्या जीपमध्ये ही पेटी गिअरबॉक्सलाच जोडलेली असते, तर जिप्सीत ती वेगळी बसवलेली असून मधे एक आखूड शाफ्ट असतो. पेटीतून निघालेले दोन प्रोपेलर शाफ्ट पुढच्या आणि मागच्या आसातील डिफरन्शियलला फिरवतात. तेथे क्राउन आणि पिनियन या दातेरी चक्रांची जोडी फिरण्याची दिशा काटकोनात वळवते, आणि वळणावर आतले चाक कमी व बाहेरचे जास्त फिरू शकेल अशी सोय डिफरन्शियल करतो.

निदानाचा पहिला प्रश्न आवाज कुठून येतो हा नसून तो कशाबरोबर बदलतो हा आहे, कारण लोखंडी चॅसिसमधून आवाज दूरवर वाहत जातो आणि मागच्या आसातील घरघर चालकाला अनेकदा स्वतःच्या पायाखाली ऐकू येते. गाडी सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने चालवून तोच वेग राखत चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आणल्यास इंजिनाचे फेरे वाढतात, पण प्रोपेलर शाफ्टचे आणि चाकांचे तेवढेच राहतात. आवाजाची पट्टी इंजिनाबरोबर चढली तर दोष इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागात शोधावा, आणि ती ढळली नाही तर गिअरबॉक्स उघडण्याची घाई करू नये. गाडी उभी असताना, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लच दाबताच थांबणारी घरघर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट दाखवते, तर क्लच दाबल्यावरच सुरू होणारी चिरचिर रिलीज बेअरिंगची असते. चौथा गिअर बहुतेक जुन्या चार-गिअरी पेट्यांत सरळ जोडणीचा असतो, म्हणजे त्यात शक्ती खालच्या समांतर शाफ्टच्या दात्यांतून जात नाही. म्हणून खालच्या गिअरांत गुरगुरणारी आणि चौथ्यात शांत होणारी पेटी त्या खालच्या शाफ्टची तक्रार सांगत असते.

आवाजाचा ठेकाही मोजण्यासारखा असतो. जुन्या विलीज जीपच्या आसात क्राउन-पिनियनचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रोपेलर शाफ्ट पाचाहून अधिक वेळा फिरतो. सोळा इंची रिमच्या तिच्या उंच टायरांचा घेर सुमारे सव्वादोन मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साधारण सव्वा फेरा घेते आणि शाफ्ट साडेसहाच्या आसपास. त्यामुळे संथ, सहज मोजता येणारा ठोका चाक, टायर किंवा ब्रेकच्या ड्रमचा असतो, आणि त्याच वेगाला ऐकू येणारी जलद कुईकुई शाफ्टवरील सांध्याची असते.

हा सांधा, ज्याला गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, खाडीकाठच्या गाडीत सर्वांत आधी पाहावा. क्रॉसच्या चार टोकांवर वाट्या असतात आणि प्रत्येक वाटीत सुईसारख्या बारीक रोलरांचे बेअरिंग. सीलमधून खारे पाणी शिरून ग्रीस धुऊन गेले की रोलर गंजतात, आणि वाटीच्या कडेला विटकरी रंगाची बारीक पूड जमू लागते. ही पूड दिसली म्हणजे ग्रीस भरून काम भागण्याची वेळ निघून गेलेली असते. पुढची पायरी म्हणजे गाडी निघताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना येणारा ‘खट’ असा आवाज. सांधा बदलताना आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी लागते: वाकलेल्या कोनात फिरणारा असा सांधा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे सांधे एकमेकांचा हा चढउतार रद्द करतात, म्हणून सरकत्या जोडाचे दोन भाग वेगळे करण्यापूर्वी त्यांवर खूण केली नाही आणि ते फिरवून चुकीचे बसवले, तर नवे भाग घालूनही गाडी थरथरते. स्प्रिंगा उंच करून घेतलेल्या जीपमध्ये सांध्यांचे कोन बदलल्यानेही हेच घडते.

डिफरन्शियलचा आवाज भाराबरोबर बदलतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच हुंकारणारा आणि सोडल्यावर गप्प होणारा, किंवा याच्या उलट वागणारा आस क्राउन-पिनियनच्या दात्यांची जुळणी बिघडल्याचे दाखवतो. दोन्ही अवस्थांत सारखाच राहणारा घरघराट बेअरिंगचा असण्याची शक्यता अधिक. चाकाचे बेअरिंग मात्र वळणावर ओळखता येते, कारण डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो आणि तेव्हा वाढणारा आवाज उजव्या बाजूचा असतो.

जे दोष नाहीत तेही ओळखता आले पाहिजेत. या जुन्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोरव्हील जोडून वळल्यास स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळते आणि साखळीत साठलेला ताण धक्क्याने सुटतो. चिखल-वाळूत हा ताण चाके घसरून निघून जातो. येथे उपाय दुरुस्तीचा नसून फोरव्हील काढून टाकण्याचा आहे. तसेच निघतानाचा प्रत्येक ठोका शक्तिवहनाचा नसतो. पाटा-स्प्रिंगला आस आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाले तरी तसाच ठोका येतो, आणि ते पाहायला पाना पुरतो.

गाडीखाली जाण्यापूर्वी एक धोका ठाऊक असायलाच हवा. विलीज पद्धतीच्या अनेक जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसमागच्या शाफ्टवर असतो, आणि एक मागचे चाक जॅकवर उचलताच डिफरन्शियलमुळे तो ब्रेक निरुपयोगी होऊन गाडी सरकू शकते. म्हणून जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावल्याशिवाय आणि गाडी पक्क्या स्टँडवर घेतल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये.

राहता राहिले पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तसा दिवस विरळा. पण आस बुडण्यास गुडघाभर पाणी पुरते. चालून तापलेला आस पाण्यात शिरताच आतली हवा आकसते, आणि वरची श्वासनळी चिखलाने बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढले जाते. निचऱ्याचा बोल्ट सैल केल्यावर तेल दुधाच्या कॉफीसारखे दिसले तर ते ताबडतोब बदलावे. चुंबकी बोल्टवर करडा बारीक लेप असणे स्वाभाविक, परंतु कपचे सापडले तर आस उघडावाच लागतो. नवे तेल भरताना प्रकार तपासावा, कारण डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ तेलातील काही गंधकयुक्त घटक गिअरबॉक्समधील पितळी सिंक्रोनायझर कड्यांना घातक ठरू शकतात. मीरा-भाईंदरमधील जीपमालकांनी पावसाळा संपताच दोन्ही आस, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे तेल तपासून घ्यावे, आणि गॅरेजमध्ये जाताना आवाज कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, भार असताना की नसताना येतो हे कागदावर लिहून न्यावे.