नळदुर्गाकडील वैद्यकी बाडें : त्वचा, केश व नखें यांच्या रोगांचीं नांवें

जुन्या घराण्यांचीं दप्तरें चाळतांना वैद्यकी बाडें पदोपदीं आढळतात. सनदा, महजर व वंशावळी यांच्या शोधांत असलेला संशोधक तीं बहुधा बाजूस सारितो. परंतु पुढें एखाद्या वतनी तंट्याच्या कागदांत कोणा वारसास अमुक रोग होता असें वाक्य आलें, म्हणजे त्याच बाडांची आठवण होते. कारण त्या रोगाच्या नांवाचा अर्थ काय करावा यावर साऱ्या प्रकरणाचा निर्णय अवलंबून असतो. त्वचा, केश व नखें यांच्या रोगांच्या बाबतींत ही अडचण विशेष येते. म्हणून या नांवांचा अर्थ, त्या रोगांच्या कारणांविषयींची जुनी व नवी समजूत आणि उपचारांचा इतिहास यांचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल आम्हीं नळदुर्गाचा प्रांत घेतला, यास कारण आहे. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यांतील हें ठिकाण बोरी नदीच्या काठीं असून येथून कानडी मुलूख जवळच लागतो. बहामनी, आदिलशाही, मोगल व निजाम अशा राजवटी येथें झाल्या. किल्ल्यांतील बंधारा व पाणीमहाल हें काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींतील, इ. स. १६१३ मधील आहे. १८५३ त हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं झाला, मेडोज टेलर हा येथें अंमलदार म्हणून आला, आणि १८६० त मुलूख पुनः निजामाकडे गेला. अशा प्रांतांत एकाच रोगास संस्कृत, मराठी, फारशी व कानडी अशीं निरनिराळीं नांवें मिळावीं यांत नवल नाहीं. याच इब्राहिमाच्या पदरीं असलेला प्रसिद्ध इतिहासकार फिरिश्ता यानें 'दस्तूर-उल-अतिब्बा' नांवाचा फारशी ग्रंथ लिहून हिंदी वैद्यक यवनी वाचकांस समजावून दिलें. तेव्हां वैद्य व हकीम यांच्या विद्यांचें मिश्रण ही या बाजूची जुनीच गोष्ट होय.

प्रथम 'कुष्ठ' हा शब्द घेऊं. हल्लीं कुष्ठ म्हटलें कीं महारोगच डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु प्राचीन ग्रंथांत हें एका रोगाचें नांव नसून त्वचारोगांच्या एका मोठ्या वर्गाचें नांव आहे. चरक व सुश्रुत दोघेही ७ महाकुष्ठें व ११ क्षुद्रकुष्ठें मिळून १८ प्रकार सांगतात. यांत गजकर्णासारखा 'दद्रु', खरजेसारखी 'पामा', पायांस भेगा पाडणारी 'विपादिका' व इसबाशीं जुळणारी 'विचर्चिका' हीं सर्व येतात. दोघांच्या याद्यांत एक फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चरकानें सिध्म महाकुष्ठांत व दद्रु क्षुद्रकुष्ठांत घातला आहे. सुश्रुतानें नेमकें उलट केलें आहे. नांवनिशी नसलेल्या बाडांत कुष्ठांची यादी सांपडली, तर हीं दोन नांवें कोठें बसविलीं आहेत एवढें पाहिल्यानें लेखक कोणत्या परंपरेचा असावा याचा एक धागा हातीं लागतो.

कारणांविषयीं जुन्या ग्रंथांचें म्हणणें असें कीं, विरुद्ध आहार, वेगांचा अवरोध व पापकर्म यांनीं तिन्ही दोष बिघडून त्वचा, रक्त, मांस व लसिका यांस दूषित करितात. मात्र कुष्ठ हें सहवासानें एकापासून दुसऱ्यास होतें, हेंही सुश्रुतानें स्पष्ट सांगितलें आहे. आज या १८ प्रकारांचीं कारणें वेगवेगळीं ठरलीं आहेत. गजकर्ण बुरशीच्या जातीच्या सूक्ष्म जीवानें होतें. खरूज कातडींत बिळें करणाऱ्या बारीक किड्यानें होते. महारोगाचा जंतु नॉर्वेंतील हान्सेन यानें १८७३ त दाखविला. याच्या उलट, कोड हें जंतूमुळें होतच नाहीं. शरीराची संरक्षक शक्ति आपल्याच कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते व तेथें पांढरे डाग पडतात. स्पर्शानें तें कोणास लागत नाहीं.

आतां वाचनांतील धोके पाहूं. पहिला धोका 'रक्तपिती' या शब्दाचा. संस्कृत 'रक्तपित्त' म्हणजे नाक, तोंड इत्यादि मार्गांनीं रक्त जाण्याचा विकार; मराठी 'रक्तपिती' म्हणजे बोटें झडणारा महारोग. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळीत नसत व जोडाक्षरेंही पुष्कळदां सैल लिहीत. त्यामुळें नाकांतून रक्त येणाऱ्या मनुष्यास महारोगी ठरविण्याची चूक सहज घडते. दुसरा धोका खुद्द 'कुष्ठ' शब्दाचा: औषधांच्या यादींत तो आला तर तो रोग नव्हे, कोष्ठ नांवाची सुगंधी मुळी होय. तिसरा धोका फारशी नांवांचा. 'जुजाम' म्हणजे महारोग व 'बरस' म्हणजे कोड. हे दोन शब्द हकिमी ग्रंथांत जवळजवळ येतात, म्हणून नकलाकाराच्या व वाचकाच्या हातून त्यांची अदलाबदल होऊं शकते.

केश व नखें यांचे विकार सुश्रुतानें बहुतांशीं ४४ क्षुद्ररोगांत घातले आहेत. 'इंद्रलुप्त' म्हणजे आपली चाई. पित्त व वायु केंस गाळितात आणि मागाहून कफ व रक्त रोमकूपांचीं तोंडें बुजवितात, म्हणून नवा केंस येत नाहीं, असें त्याचें स्पष्टीकरण आहे. हकीम हिलाच 'दाउस्सालब', म्हणजे कोल्ह्याचा रोग, म्हणतात. ग्रीक वैद्यांचें नांवही कोल्ह्यावरूनच पडलें आहे. हल्लींच्या मतें गोल चट्ट्यांची चाई ही कोडाप्रमाणेंच शरीराच्या स्वतःवर उलटलेल्या शक्तीचें फळ होय. 'दारुणक' म्हणजे कोंडा. नखांपैकीं 'चिप्प' हें आपलें नखुरडें. त्यांत नखाच्या मांसांत ठणका, दाह व पू होतो. 'कुनख' म्हणजे मार लागून काळें व खरखरीत झालेलें नख. येथें प्राचीनांचें निरीक्षण किती सूक्ष्म होतें हें दिसतें. कारणाचा सिद्धांत बदलला, तरी लक्षणांचें वर्णन आजही ओळखूं येतें.

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा आहे असें कोणी म्हणूं नये. धर्मशास्त्रानें असाध्य रोग्यास दायभागांतून वगळिलें होतें, आणि इंग्रजी न्यायालयांनींही उग्र महारोग हें वारसा बुडविण्याचें कारण मानिलें. ब्रिटिश हिंदुस्थानांत ही अपात्रता १९२८ च्या कायद्यानें दूर झाली. १८९८ चा महारोग्यांविषयींचा कायदा तर २०१६ पर्यंत पुस्तकांत होता, आणि महारोग हें घटस्फोटाचें कारण २०१९ त वगळण्यांत आलें. म्हणजे 'कोड' याचें वाचन 'महारोग' असें झालें, तर एखाद्या शाखेचें वतन कां गेलें याची कथाच खोटी लिहिली जाते, आणि त्या कुळाच्या नांवास नसलेला डाग आपण छापून ठेवितों.

उपचारांपैकीं एक हकीकत संग्राहकांनीं अवश्य ध्यानीं धरावी. पश्चिम समुद्राच्या कांठीं वाढणाऱ्या तुवरक वृक्षाच्या बियांचें तेल सुश्रुतानें कुष्ठावर सांगितलें आहे. हाच वृक्ष म्हणजे सह्याद्रींतील कडू कवठ. चटणीस लागणारें नेहमींचें कवठ हें निराळें, आणि बाडांत नुसतें 'कवठ' लिहिलें असल्यास संदर्भ पाहिल्यावांचून अर्थ करूं नये. मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड (मृत्यु १८७४) यांनीं या तेलाचा महारोग्यांवर प्रयोग केला. ते स्वतः आपल्याच मार्गांतले थोर संशोधक. जुने शिलालेख व नाणीं वाचून त्यांनीं जगापुढें मांडिलीं. परंतु या औषधाची कृति मात्र त्यांनीं बराच काळ गुप्त ठेविली, आणि ती गुप्तताच त्यांच्या कार्यावरील आक्षेपास कारण झाली. त्याच सुमारास साताऱ्यास सिव्हिल सर्जन राहिलेले डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे महारोगाचा अभ्यास करीत होते. १८७३ त नॉर्वेस जाऊन त्यांनीं तेथील संशोधन पाहिलें आणि आपले निष्कर्ष छापून सर्वांच्या परीक्षेस ठेविले. पुढें याच जातीच्या तेलाचीं टोंचणीचीं औषधें निघालीं व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तींच मुख्य साधन होतीं. १९४० नंतर सल्फोन वर्गाचीं औषधें आलीं, आणि १९८१ त जागतिक आरोग्य संघटनेनें अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धत सुचविली. तिनें महारोग आज पूर्ण बरा होतो. वेळींच उपचार केल्यास हातपाय झडतही नाहींत.

बाडांतील इतर कृतींविषयींही विवेक हवा. खरजेवरचा गंधक आजही वापरांत आहे. कोडावरील बावचींत उन्हाशीं संयोग पावून कातडीचा रंग जागा करणारें द्रव्य असतें, असें रसायनशास्त्रानें सिद्ध केलें आहे. पण मात्रा चुकल्यास तेंच फोड आणितें. हरताळ व मनशीळ यांत सोमल आहे, पाऱ्यानें मूत्रपिंडें जातात, बिब्ब्यानें अंग उततें. म्हणून कृति छापावी ती इतिहासाचें साधन म्हणून. करून पाहण्यासाठीं नव्हे.

तात्पर्य, वैद्यकी बाड हातीं आल्यास संग्राहकांनीं तीन गोष्टी कराव्या. रोगाचें नांव मुळांत जसें असेल तसेंच, शुद्ध न करितां, उतरून घ्यावें. त्यापुढें लक्षणें दिलीं असतील तर तींही घ्यावीं. कारण नांव फसवितें, लक्षण सहसा फसवीत नाहीं. आणि बाड कोणत्या गांवचें, कोणत्या घराण्यांतलें, याची नोंद त्यासच जोडावी. नळदुर्गासारख्या ठिकाणीं वैद्य व हकीम, मोडी व फारशी शेजारीं नांदलीं. तेथील एकेका पानावर दोन विद्यांची सांगड असूं शकते. असें पान कुलुपांत राहिलें, तर भाऊ दाजींच्या औषधाप्रमाणें त्याचेंही खरें मोल कोणास ठरवितां येणार नाहीं.