अंगणवाडीच्या बाईंचा निरोप

आमच्या सीमाभागात निवृत्तीचा सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, फेटा आणि दोन भाषांतली भाषणे ठरलेली. मुख्याध्यापकांचे, तलाठ्यांचे, पोस्टमास्तरांचे असे समारंभ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात नुकताच झालेला सत्कार मात्र चौतीस वर्षे अंगणवाडी चालवणाऱ्या बाईंचा होता. वयाची साठ पुरी झाली, सेवा संपली. एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर मी दोन शब्द बोलायला गेलो होतो.

एक वक्ते म्हणाले, "बाईंनी इतकी वर्षे सरकारी नोकरी इमानदारीने केली." शेजारी बसलेल्या बाई हळूच मला म्हणाल्या, "सर, मी सरकारी कुठली? मानधनवाली मी."

हसत म्हणाल्या, पण कायद्याने ते अचूक होते. अमीरबी यांच्या खटल्यात, म्हणजे आपल्या कर्नाटकाच्याच प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने २००६ साली सांगितले की अंगणवाडी सेविकेचे पद हे सरकारी सेवेतले पद नव्हे. म्हणून पगार नाही, मानधन. त्यातला केंद्राचा हिशोब २०१८ पर्यंत महिना ३,००० रुपयांचा होता, त्या वर्षी तो ४,५०० झाला. वरची भर राज्याची. कन्नडमध्ये सेविकेला 'कार्यकर्ते' म्हणतात. मराठी कानाला ते अनेकवचन वाटते, आणि एका बाईकडून घेतली जाणारी कामे पाहता ते फारसे चुकीचेही नाही.

ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ तालुक्यांत सुरू झाली. कर्नाटकातला पहिला प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातल्या टी. नरसीपूरचा. कागदावर कामे सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला दवाखान्याची वाट दाखवणे, आयांना आहाराची माहिती आणि शाळेआधीचे शिक्षण. प्रत्यक्षात पोलिओच्या फेऱ्या, नाना तऱ्हेच्या पाहण्या, २०१७ पासून गरोदर बायकांचे मातृपूर्ण जेवण, आणि अलीकडे मोबाईलवरचा पोषण ट्रॅकर, सगळे त्याच पदराला बांधलेले.

बाईंचे माहेर मराठी, शिक्षण मराठी, रजिस्टरे कन्नड. सुरुवातीला मुलीचे पहिलीचे कन्नड पुस्तक घेऊन त्या रात्री अक्षरे गिरवत. आज त्यांचे अक्षर माझ्या कन्नडपेक्षा सरस आहे. अंगणवाडीत पोरे आकडे म्हणत ते दोन्ही भाषांत, एक-दोन आणि ओंदु-एरडु, आणि कोणते कोणाचे हे पोरांनी कधी विचारले नाही. मोठी माणसे विचारतात.

त्यांच्याकडून ऐकलेली एक हकीकत सांगतो. एका घरातली दोन वर्षांची मुलगी वजनाच्या तक्त्यावर लाल पट्ट्यात गेली. सून मराठी, सासू कन्नड. सासूचे म्हणणे, आमच्याकडच्या मुली अशाच बारीक असतात. बाईंनी वाद घातला नाही. महिनाभर रोज जेवणाच्या वेळी त्या घरी जात, सासूशी कन्नडमध्ये पावसापाण्याच्या गप्पा मारत आणि बोलता बोलता पोरीला मांडीवर घेऊन भरवत. पुढे सासूच पोरीला काट्यावर टाकायला घेऊन येऊ लागली.

भाग्यलक्ष्मी योजना २००६-०७ ची. दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या मुलीच्या नावाने सरकारची ठेव, शिक्षणाची अट आणि अठराच्या आत लग्न नाही ही दुसरी. ते अर्ज अंगणवाडीतूनच जात. त्या पहिल्या मुली २०२४ पासून अठरा पुऱ्या करू लागल्या. माझ्या बीएच्या वर्गात त्यांतल्या काही बसतात. बाँड जपून ठेवा म्हणून बाईंनी त्यांच्या आयांना किती वेळा बजावले, ते त्या मुलीच सांगतात.

या माऊलीला शाल मिळाली. हातात पैसे काय? सरकारी नोकराची पेन्शन तर नाहीच. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना लागू होतो असा निकाल दिला. त्या कायद्याच्या हिशोबाने सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा मोबदला होतो. भाषणात मी गुणगान आवरते घेऊन हेच सांगितले. काहींना ते प्रसंगाला सोडून वाटले असेल, पण चौतीस वर्षांचा हिशोब काढायला याहून योग्य दिवस कोणता? समारंभ संपल्यावर शेजारच्या गावांतल्या तीन सेविका माझ्याकडे आल्या, निकालाची तारीख वहीत लिहून घ्यायला.

बाई मात्र तिथे नव्हत्या. त्या नव्या सेविकेला घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. लाल पट्ट्यातल्या मुलांची तीन नावे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिली होती. तिसऱ्या नावावर बोट ठेवून त्या सांगत होत्या, "हितं जाशील तवा कन्नडच बोल. आजीला मराठी येत नाही, आणि चूल तिच्या हातात आहे."