४९८-अ : आक्षेप नेमका कशाला?

"मुलगा ताथवड्यात नोकरीला, आम्ही गावाकडे, मग सुनेच्या तक्रारीत आमची नावं कशी?" हा प्रश्न पुरुष हक्कांच्या चर्चेत हमखास येतो. कारण १९८३ साली आलेलं कलम ४९८-अ नवऱ्याला लागू होतं, तसंच त्याच्या नातेवाइकांनाही. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गुन्हा अजामीनपात्र.

आक्षेप असा, की स्त्री चळवळीनं मिळवलेली ढाल काही जणी शस्त्र म्हणून वापरतात. सर्वोच्च न्यायालयानंही २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात हेच म्हटलं आणि कारणं नोंदवल्याशिवाय अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं. पुढे २०१७ मध्ये तक्रार आधी कुटुंब कल्याण समितीकडे पाठवा, असा आदेश आला. त्याविरुद्ध अहमदनगरच्या 'न्यायाधार' या महिलांच्या संस्थेनं दाद मागितली. २०१८ मध्ये समित्या रद्द झाल्या. अटकेवरचा लगाम मात्र राहिला.

यातून काय घ्यायचं? हुंड्यासाठी छळ आजही होतो. "बायकांच्या तक्रारी खोट्याच" हे म्हणणं टिकत नाही. "आधी तपास, मग अटक" ही मागणी मात्र न्यायालयात टिकली. आता हे कलम भारतीय न्याय संहितेत ८५ क्रमांकाचं आहे. आपली मागणीही तीच ठेवू या.